बॉयलर पेटवायच्या आधी सेफ्टी व्हॉल्व्ह खाली उतरवा: आमच्या कारखान्याच्या संचालक मंडळाला खुलं पत्र

मा. चेअरमन साहेब, व्हाईस चेअरमन साहेब आणि सर्व संचालक मंडळी, सप्रेम नमस्कार.

मी आपल्या कारखान्याच्या बॉयलर हाऊसला 31 हंगाम काढलेला माणूस. फायरमन म्हणून लागलो, परीक्षा देऊन बॉयलर अटेंडंट झालो आणि रिटायर होऊन आता चार वर्षं झाली. शिवाय मी सभासद आहे, दोन एकर ऊस दरवर्षी आपल्याच गव्हाणीत पडतो. आणि माझा पुतण्या सध्या त्याच बॉयलरवर रात्रपाळी करतो. तिन्ही नात्यांनी बोलतोय. आधी दोनदा ऑफिसात येऊन तोंडी सांगितलं, एकदा लेखी अर्ज दिला, त्याची पोच आहे माझ्याकडे, उत्तर नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, गावानं वाचावं म्हणूनच लिहितोय. कारखान्याचं नाव मुद्दाम टाकलेलं नाही, बदनामी करायची नाहीये मला, काम करून घ्यायचंय.

विषय एवढाच आहे की यंदा ऑफ सीझनला बॉयलरच्या तिन्ही सेफ्टी व्हॉल्व्ह खाली उतरवून वर्कशॉपला पाठवल्या नाहीत. खर्च कमी करायचा, एफआरपीचे म्हणजे उसाच्या ठरलेल्या किमान दराचे पैसे द्यायचेत, आणि आता नवीन ऑटोमेशन बसवलंय तर दरवर्षी व्हॉल्व्ह खोलायची गरज काय, असं ठरलं म्हणे. व्हॉल्व्ह जागेवरच घासून रंगवले. आणि येत्या दसऱ्याच्या आसपास बॉयलर अग्निप्रदीपन, म्हणजे हंगामासाठी बॉयलर पेटवायचा कार्यक्रम आहे, त्याची पत्रिकासुद्धा छापून आली.

आता जे सभासद कधी बॉयलर हाऊसला चढले नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो, कारण यातली गोष्ट कळली तर माझी तक्रार कळेल.

घरच्या कुकरला दोन गोष्टी असतात. वर शिट्टी असते आणि झाकणावर एक छोटा सेफ्टी प्लग असतो. शिट्टी रोज वाजते, ती प्रेशर सांभाळते. प्लग वर्षानुवर्षं काहीच करत नाही. पण डाळीचा फेस जाऊन शिट्टीची नळी तुंबली की मग तो प्लगच वितळून वाफ बाहेर सोडतो आणि स्वयंपाकघर वाचतं. बॉयलरलाही असंच आहे. फायरिंग कमीजास्त करणं, स्टार्टअप व्हेंट म्हणजे वाफ हातानं बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह उघडणं, स्क्रीनवरचा कंट्रोल, हे सगळं शिट्टीच्या जागी. सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे प्लग. बाकी सगळं हरलं की तिची पाळी येते, तिच्यामागे दुसरं कोणी उभं नाही.

आपला बॉयलर 45 किलोचा. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला 45 किलो दाब, आणि ड्रममध्ये, म्हणजे पाणी-वाफेच्या वरच्या मोठ्या टाकीत, त्याहून थोडा जास्तच असतो. ड्रमवर दोन सेफ्टी आहेत, एक 51 ला सेट, दुसरी 52 ला. तिसरी सुपरहीटरवर, म्हणजे ड्रममधून आलेली वाफ आणखी तापवणाऱ्या ट्यूबांवर, ती 47 ला. हे आकडे कोणी सहज म्हणून ठरवलेले नाहीत. सुपरहीटरची सेफ्टी मुद्दाम आधी सुटली पाहिजे, कारण ती सुटली की वाफ सुपरहीटरच्या ट्यूबांमधून वाहत राहते आणि त्या ट्यूबा थंड राहतात. ड्रमची आधी सुटली तर वाफ ड्रमवरूनच पळून जाते, सुपरहीटरमधला प्रवाह तुटतो, बाहेरून भट्टीचा जाळ चालूच असतो आणि ट्यूबा जळतात. म्हणून कोणत्या व्हॉल्व्हचा नट किती आवळलाय हे फिटरच्या मर्जीचं काम नाही.

आतमध्ये काय असतं? खाली सीट म्हणजे बैठक, तिच्यावर डिस्क म्हणजे झाकण, डिस्कवर स्पिंडल म्हणजे उभा दांडा आणि स्पिंडलवर जाड स्प्रिंग. बस एवढंच. 75 मिलिमीटरच्या सीटवर 51 किलोच्या दाबाला वाफ साधारण साडेबावीसशे किलोनं डिस्क वर ढकलते. स्प्रिंग तेवढ्याच ताकदीनं खाली दाबून धरते. वाफ एक पाऊल पुढे गेली की डिस्क केसभर उचलली जाते, आणि खरी करामत इथं आहे, डिस्कची कड सीटपेक्षा रुंद ठेवलेली असते, त्यामुळे वाफ जरा बाहेर आली की तिला दाबायला एकदम जास्त जागा मिळते आणि व्हॉल्व्ह हळूहळू न उघडता फाडकन उघडतो. तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना माहितीय, चार किलोमीटरवर वाडीत झोपेतली माणसं उठायची. मग प्रेशर सेटिंगच्या थोडं खाली उतरलं, तीन-चार टक्के म्हणा, की ती परत बसते, सीटला चिकटते, थेंबसुद्धा गळता कामा नये. आणि तिन्ही मिळून बॉयलर जितकी वाफ तयार करेल तितकी सगळी बाहेर टाकू शकल्या पाहिजेत. स्टॉप व्हॉल्व्ह म्हणजे वाफ बाहेर जायचा मुख्य व्हॉल्व्ह बंद, भट्टी फुल, तरी प्रेशर दहा टक्क्यांच्या वर चढता कामा नये, असा आयबीआरचा, म्हणजे भारतीय बॉयलर नियमावलीचा नियम आहे.

आता माझ्या आयुष्यातली एक रात्र सांगतो. जानेवारी होता, क्रशिंग जोरात, थंडी कडाक्याची. रात्री दोनच्या सुमाराला वाफेवर फिरणारी टर्बाईन ट्रिप झाली, एकदम बंद पडली. टर्बाईन ट्रिप झाली म्हणजे वाफ खाणारा एकदम ताटावरून उठला, पण चुलीवर स्वयंपाक चालूच. गॅसचा बॉयलर असता तर कॉक बंद केला की जाळ गेला. बगॅसचं, म्हणजे उसाच्या चिपाडाचं तसं नाही, फीडर बंद केले, भट्टीत हवा ढकलणारा एफडी फॅन बंद केला, तरी भट्टीच्या जाळीवर जो भुसा पडलाय तो जळतच राहतो, मिनिटभर नाही, कितीतरी वेळ. काटा चढायला लागला. 47 ला सुपरहीटरची सुटली, तिनं तिचं काम केलं पण एकटीला सगळं झेपत नाही. 50. 51. ड्रमची पहिली सुटायला हवी होती, सुटली नाही. आम्ही तिघं काट्याकडे बघत होतो आणि माझा सोबती स्टार्टअप व्हेंटचं चाक फिरवायला वर धावला होता. 52. 53. तेव्हा दुसरी सुटली, आणि त्या आवाजानं माझे गुडघे थरथरले हे मी आजही विसरलो नाही. काटा 54 ला जाऊन थांबला आणि मग उतरला.

हंगाम संपल्यावर ती न सुटलेली सेफ्टी खोलली. स्पिंडल वाकलेला. का वाकला? हायड्रो टेस्टच्या, म्हणजे पाण्याच्या दाबानं घ्यायच्या चाचणीच्या वेळी व्हॉल्व्ह सुटू नये म्हणून वरून गॅग लावतात, स्क्रूनं दाबून धरायचं साधन. तो फक्त हातानं टेकवायचा असतो. कोणीतरी पाना लावून करकचून आवळला होता. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. रंग छान होता, सील जागेवर होतं, टॅग होता. दोन महिने आम्ही तिच्या भरवशावर बॉयलर चालवला आणि ती मेलेली होती. त्या रात्री दुसरी सुटली म्हणून मी हे पत्र लिहायला आहे.

ड्रममधलं पाणी त्या दाबाला 260 अंशांच्या पुढे तापलेलं असतं. ड्रम फुटला तर दाब जातो आणि त्या पाण्यातला जवळपास तिसरा हिस्सा त्याच क्षणी वाफ होतो, आणि पाण्याची वाफ झाली की ती उघड्यावर सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. बॉयलर हाऊसच्या मागे काय आहे ते तुम्ही रोज बघता साहेब. कामगार कॉलनी आहे. आणि वजनकाट्याच्या बाजूला बीडकडून आलेल्या तोडकऱ्यांच्या कोप्या, बैलगाड्या, गाडीखाली घोंगडी पांघरून झोपलेली लेकरं. त्यांना तर बॉयलर म्हणजे काय हेसुद्धा कोणी सांगितलेलं नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, तिन्ही व्हॉल्व्ह न उतरवता जागेवर रंगवले. मी स्वतः वर जाऊन बघितलं, पुतण्याला डबा द्यायला गेलो होतो तेव्हा. रंग नुसता बॉडीवर नाही, स्प्रिंगच्या वेटोळ्यांवर आहे, स्पिंडल जिथून बाहेर येतो त्या फटीत उतरलाय. व्हॉल्व्हचा रंग हे मेंटेनन्स नव्हे. त्या फटीत वाळलेला रंग स्पिंडलला धरून ठेवतो. ज्यानं रंगवलं त्या पोराचा दोष नाही, त्याला चकचकीत करायला सांगितलं, त्यानं केलं.

दुसरी तक्रार सगळ्यात गंभीर आहे. मागच्या हंगामात सुपरहीटरची सेफ्टी फेब्रुवारीपासून सिमर होत होती, म्हणजे सतत बारीक फुसफुस. अशी गळती चालू राहिली की वाफ सीटवर बारीक चर कापते, सुरीनं कापल्यासारखी, आणि मग गळती आणखी वाढते. याचा इलाज एकच, खोलायचं, सीट आणि डिस्क लॅपिंग करायची म्हणजे घासून सपाट करायची, परत सेट करायचं. पण तसं केलं नाही. बंद घ्यायला लागेल, क्रशिंग थांबेल, म्हणून कॅप काढली, सील तोडलं आणि नट आवळला. फुसफुस थांबली, सगळे खूश. पण नट आवळला म्हणजे स्प्रिंग जास्त दाबली गेली, म्हणजे ती आता 47 ला सुटणार नाही. 49 ला सुटेल, 52 ला सुटेल, कोणालाच माहीत नाही. ड्रमच्या नंतर सुटली तर सुपरहीटरचं काय होईल ते वर सांगितलंय. लॉगबुकात याची नोंद नाही. कायद्याचं सांगायचं तर सेफ्टी व्हॉल्व्हशी छेडछाड करून ती निकामी करणं हा 1923 च्या बॉयलर कायद्यातही गुन्हा होता आणि 2025 च्या नव्या कायद्यातही तो फौजदारीच ठेवलाय. मला कोणाला आत टाकायचं नाहीये. पण ज्यानं आवळला त्याला वरून कोणी सांगितलं होतं हे मंडळानं शोधावं, कारण उद्या काही झालं तर सही त्या गरीब फिटरचीच निघेल.

तिसरं, एक्झॉस्ट पाईपच्या खालचा ड्रेन. सेफ्टीतून सुटलेली वाफ ज्या पाईपनं छपराच्या वर जाते त्याच्या तळाला पाणी निघून जायला बारीक ड्रेन असतो. त्यातून थेंब थेंब पाणी प्लॅटफॉर्मवर पडतं, लोखंड गंजतं, माणूस घसरतो, म्हणून त्यात प्लग मारून टाकलाय. आता पावसाळाभर त्या उघड्या पाईपमधून पाणी आत गेलंय आणि डिस्कच्या वर साचून बसलंय. आत गंज चढणार, आणि व्हॉल्व्ह सुटला तर ते पाणी वाफेबरोबर बंदुकीच्या गोळीसारखं पाईपच्या बेंडवर आदळणार. ड्रेनला नळी जोडून पाणी खाली गटारात सोडा, दोन तासांचं काम आहे हो.

चौथं, ते ऑटोमेशन. मी ऑटोमेशनच्या विरोधात नाही, उलट पाहिजेच, आमच्या वेळी असतं तर आमचे डोळे वाचले असते. पण स्क्रीन आहे म्हणून सेफ्टी नको हा हिशोब चुकीचा आहे. अमेरिकेत थ्री माईल आयलंड नावाच्या अणुवीज केंद्रात 28 मार्च 1979 च्या पहाटे एक रिलीफ व्हॉल्व्ह उघडला आणि परत बसलाच नाही. कंट्रोल रूममधल्या पॅनेलवरचा दिवा मात्र व्हॉल्व्ह बंद असल्यासारखं सांगत होता, कारण तो दिवा व्हॉल्व्ह खरंच बंद झाला का हे दाखवतच नव्हता, बंद व्हायचा आदेश गेला एवढंच दाखवत होता. दोन तासांहून जास्त वेळ पाणी निघून जात राहिलं आणि रिअॅक्टरच्या गाभ्याचा जवळपास अर्धा भाग वितळला. तिथं शिकलेली माणसं होती, पॅनेल होतं, सगळं होतं. आपल्या सेफ्टीला तर आदेशाची वायरच नाही. ती शुद्ध स्प्रिंगवर चालते, लाईट गेली तरी चालते, कॉम्प्युटर बंद पडला तरी चालते, तोच तर तिचा गुण आहे. स्क्रीनवर प्रेशर दिसेल. व्हॉल्व्हचा स्पिंडल वाकलाय की सरळ आहे ते स्क्रीनवर दिसणार नाही.

आणि एक, हे तक्रारीपेक्षा दुःख जास्त आहे. आता बॉयलरवर बरीच पोरं कॉन्ट्रॅक्टवर आहेत. चांगली आहेत, कष्टाळू आहेत. पण परवा मी एकाला विचारलं की सेफ्टीचा हात लिव्हर कधी ओढलास का, तर म्हणाला, काका, हात लावायचा नाही असं सांगितलंय. का, तर एकदा उचलली की नीट बसत नाही, गळते. म्हणजे ती गळेल म्हणून तिला हलवायचं नाही, आणि हलवली नाही म्हणून ती चिकटणार. लिव्हर असतो तो त्यासाठीच, पुरेसं प्रेशर असताना, सेटिंगच्या पाऊण हिश्शाच्या वर असताना, कधीतरी उचलून बघायचं की जिवंत आहे का. कमी प्रेशरला ओढली तर कचरा सीटवर अडकतो, म्हणून पोरांना कधी ओढायची हे शिकवलं पाहिजे. हात लावू नका हे शिकवणं नव्हे.

मंडळाच्या बाजूनं एक गोष्ट मी मान्य करतो. पैशाची ओढाताण खरी आहे, मीही एफआरपीची वाट बघणाऱ्यांतलाच आहे, आणि हा खर्च वाचला तर त्यातला रुपया माझ्याही बिलात येतो. तो मला नको. माझ्यासारखे बाकीचे सभासदही हेच म्हणतील, कोणीतरी त्यांना विचारलं तर. एफआरपीचं नाव पुढे करून हे काम टाळू नका, शेतकऱ्यानं असं कधी मागितलेलं नाही.

आणि हे नियम कोणी हौसेनं केले नाहीत. 1863 साली कलकत्त्यात बॉयलर फुटला, माणसं मेली, तेव्हा 1864 ला बंगालात बॉयलर तपासणीचा पहिला कायदा झाला. तिथून आजपर्यंतची ही साखळी आहे. आपल्या बॉयलरला जे बारा महिन्यांचं सर्टिफिकेट मिळतं ते आपण खरी माहिती देऊ या भरवशावर मिळतं. इन्स्पेक्टर साहेब वर्षातून एकदा येतात, बाकीचे दिवस बॉयलरशेजारी आपणच असतो.

आता मागण्या, सरळ सरळ.

अग्निप्रदीपनाच्या आधी तिन्ही सेफ्टी खाली उतरवा. खोलून सीट, डिस्क, स्पिंडल, स्प्रिंग तपासा, लॅपिंग करा, आणि मान्यता असलेल्या वर्कशॉपच्या टेस्ट बेंचवर सेट करून सील लावून आणा. रिपोर्ट येईल त्याची एक प्रत बॉयलर हाऊसच्या नोटीस बोर्डावर लावा, मराठीत.

बेंचवर झालं म्हणजे संपलं असं नाही. बेंचवर बऱ्याचदा गार हवेवर टेस्ट होते आणि बॉयलरवर गरम वाफ असते, स्प्रिंग तापली की थोडा फरक पडतो. शिवाय बेंचची हवा एवढीशी, ती फक्त कधी सुटते ते सांगते, सुटल्यावर पूर्ण उचलते का आणि परत नीट बसते का ते नाही सांगत. म्हणून बॉयलर पेटल्यावर, मिलला वाफ द्यायच्या आधी, इन्स्पेक्टर साहेबांच्या समोर फ्लोटिंग घ्या. एकेक सेफ्टी प्रत्यक्ष उडवून, कितीला सुटली, कितीला बसली, दोन्ही आकडे लॉगबुकात. फ्लोटिंगच्या वेळी बाकीच्यांना गॅग लागतात, ते किती लावले आणि किती काढले हे मोजून, काढलेले गॅग टेबलावर ठेवून सगळ्यांनी बघायचे. आमचे जुने हेड फिटर असंच करायचे, टेबलावर गॅग दिसल्याशिवाय ते जेवायला जायचे नाहीत.

ड्रेनचे प्लग काढा. रंग खरवडा. पुढच्या हंगामात कोणतीही सेफ्टी गळायला लागली तर नट आवळायचा नाही, बॉयलर बंद घेऊन दुरुस्त करायची, असा ठराव करा आणि तो ठराव बॉयलर हाऊसला लावा, म्हणजे रात्रपाळीच्या पोरावर कोणी फोनवरून दबाव आणू शकणार नाही. मागच्या फेब्रुवारीत नट आवळायचा आदेश कोणाचा होता ते सभासदांना सांगा. कॉन्ट्रॅक्टच्या पोरांना हंगामाच्या आधी दोन दिवस शिकवा. शिकवायला कोणी नसेल तर मी येतो, पैसे नकोत. आणि तोडकऱ्यांच्या कोप्या बॉयलर हाऊसच्या बाजूनं हलवून पलीकडे, ऊस विकासच्या गोडाऊनमागे जागा आहे तिथं द्या.

यात दोन आठवडे जातील. अग्निप्रदीपन दोन आठवडे पुढे गेलं तर जाऊ द्या. ऊस उभा राहील, मला माहितीय त्याचा काय अर्थ होतो, माझाही उभा आहे.

दसऱ्याच्या आधी उत्तर द्यावं ही विनंती. नाही आलं तर हेच पत्र पोचेच्या कागदासकट बॉयलर इन्स्पेक्टर साहेबांच्या ऑफिसला नेऊन देणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे पाठीमागून केलं असं व्हायला नको. आणि काम झालं तर फ्लोटिंगच्या दिवशी मला निरोप द्या. मी येऊन खाली काट्यापाशी उभा राहीन, 47 ला पहिली सुटली की आकडा मीच लिहून घेईन.

आपला,
एक सभासद आणि निवृत्त बॉयलर अटेंडंट